भाजून वाचलेल्यांचा हिशेब: जगातला आणि सोलापुरातला

फिजिओ_पूर्वभाग

नमस्कार. मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत भाजल्यानंतर हात, मान किंवा गुडघा आखडलेल्यांचे प्रमाण मोठे आहे, आणि त्यांतले बहुतेक जण जखम भरून आल्यावर कित्येक महिन्यांनी येतात. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा अग्निशमन, बाहेर पडायच्या वाटा आणि परवाने यांवर शहरात पुष्कळ बोलले गेले, आणि ते बोलले जायलाच हवे होते. परंतु भाजण्याचा बहुतांश भार अशा मोठ्या आगींतून येत नाही. तो स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून आणि दहा बाय दहाच्या कामाच्या खोलीतून एकेका माणसागणिक येतो, त्यामुळे त्याची बातमी होत नाही. हा भार जगभर किती आहे आणि त्यातला कोणता भाग मोजणीतून सुटतो, हे नीट मांडता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भाजल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे १,८०,००० माणसे दगावतात. यांतले बहुसंख्य मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि जवळजवळ दोन तृतीयांश मृत्यू संघटनेच्या आफ्रिका व आग्नेय आशिया या दोनच विभागांत होतात. आपला देश यांपैकी दुसऱ्या विभागात येतो. भाजून मरणाऱ्या मुलांचा दर गरीब देशांत श्रीमंत देशांच्या सातपटीहून अधिक आहे. भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात, तर शेजारच्या बांगलादेशात सुमारे १,७३,००० मुले. ज्या घरात स्वयंपाक, झोपणे आणि मुलांचे खेळणे एकाच खोलीत चालते आणि चूल किंवा शेगडी जमिनीवर असते, त्या घरात भाजण्याची शक्यता वाढते, हे सांगायला खरे तर आकडेवारीचीही गरज नाही.

आता दुसरा आकडा पाहा. वैद्यकीय उपचार घ्यावे लागतील इतपत भाजलेल्यांची जगातली संख्या २००४ साली सुमारे १ कोटी १० लाख होती. वर्षे वेगवेगळी असल्यामुळे दोन्ही आकड्यांचा थेट भागाकार करणे योग्य नाही, पण एका मृत्यूमागे कितीतरी डझन माणसे जिवंत राहतात एवढा अंदाज त्यावरून नक्की येतो. माझा मुद्दा या माणसांविषयी आहे. ती वाचली, घरी गेली, रुग्णालयाच्या कागदावर 'सुधारणा' असा शेरा पडला, आणि तिथून पुढे त्यांची नोंद ठेवणारे कोणी उरले नाही.

खोल भाजलेली जागा भरून येते तेव्हा व्रण आकसत जातो. ही प्रक्रिया वर्षभर, कधी दोन वर्षेही चालू राहते. अडचण अशी की ज्या स्थितीत रुग्णाला कमी दुखते, नेमक्या त्याच स्थितीत अवयव आखडतो: कोपर दुमडलेले, हनुवटी छातीकडे झुकलेली, बोटे मुठीकडे वळलेली. घरचे लोक मायेपोटी मानेखाली उशी देतात, आणि मानेचा पुढचा भाग भाजलेला असेल तर तीच उशी पुढे मान वर करू देत नाही. हे टाळण्यासाठी पहिल्या आठवड्यापासून स्प्लिंट (अवयव योग्य स्थितीत धरून ठेवणारी पट्टी), योग्य स्थितीत झोपवणे, रोजचा व्यायाम आणि जखम भरल्यावर दिवसाचे जवळजवळ तेवीस तास अंगाला घट्ट बसणारे प्रेशर गारमेंट लागते. त्वचारोपण केलेल्या जागेला नीट घाम येत नाही, त्यामुळे मोठा भाग भाजलेल्या माणसाच्या शरीरातली उष्णता बाहेर पडायला वावच कमी असतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा त्रेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, पत्र्याच्या घरात असा कपडा घालून बसण्याचा सल्ला देणे किती कठीण आहे, हे तो सल्ला रोज देणाऱ्यालाच कळते.

एक उदाहरण जवळून सांगते. विडी वळणाऱ्या स्त्रीचे सारे काम अंगठा आणि पहिल्या दोन बोटांवर चालते. कातरलेले पान डाव्या हातात धरायचे, चिमटीने तंबाखू पसरायची, पान गुंडाळायचे, तोंड नखाने दुमडायचे आणि दोरा बांधायचा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा व्रणामुळे आकसली की पान धरता येते, पण वळता येत नाही. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे वेग निम्म्यावर आला की मजुरीही निम्म्यावर येते. जागतिक अहवालांत हेच नुकसान अपंगत्वामुळे गमावलेल्या आयुष्यवर्षांच्या हिशेबात एका छोट्या दशांश अपूर्णांकात (शून्य म्हणजे पूर्ण आरोग्य, एक म्हणजे मृत्यू) बसवलेले असते. ते मोजमाप निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. त्याच्यामुळेच आजारांची तुलना होते आणि निधी मिळतो. पण तो अपूर्णांक भरायला लागणारी माहितीच आपल्या गावांतून वर जात नाही, आणि भाजलेल्यांच्या पुनर्वसनाकडे होणारे दुर्लक्ष तिथूनच सुरू होते, असे माझे ठाम मत आहे.

आपापले अनुभव आणि माहिती जरूर लिहावी.

उत्तरकसबा

धागा काढल्याबद्दल आभार. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले, म्हणून आकड्यांवर एक शंका विचारतो. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात २००१ या एका वर्षात आपल्या देशात आगीशी संबंधित १,६३,००० हून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज होता, आणि त्यांपैकी सुमारे १,०६,००० स्त्रिया होत्या. आपण दिलेला १,८०,००० हा आकडा तर साऱ्या जगाचा आहे. शिवाय जागतिक आजारभार अभ्यासात २०१९ साठी सुमारे ८४ लाख नवे रुग्ण आणि केवळ १ लाख ११ हजारांच्या आसपास मृत्यू दाखवले आहेत. या तिन्हींचा मेळ कसा घालायचा?

फिजिओ_पूर्वभाग

उत्तरकसबा सर, आपली शंका अगदी योग्य ठिकाणी आहे. मधल्या काळात रॉकेलचा वापर घटला आणि भाजण्याचे मृत्युदर उतरत आले, हे एक कारण. परंतु मोठे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे फार थोड्या मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले असते. उरलेल्यांसाठी नमुना पाहण्या, घरच्यांना विचारून काढलेले कारण आणि गणिती प्रारूपे यांवर विसंबावे लागते. आपण सांगितलेल्या त्याच अभ्यासात असेही दिसले की पोलिसांच्या नोंदींपेक्षा तो अंदाज सुमारे सहापट होता. मृत्यूसारखी लपवता न येणारी घटना जर सहापटीच्या फरकाने मोजली जात असेल, तर आखडलेल्या बोटांची मोजणी कोण करणार? जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयांसाठी भाजलेल्यांची जागतिक नोंदवही सुरू केली आहे, पण ती भरणे ऐच्छिक आहे आणि मुळात तिच्यात रुग्णालयात दाखल झालेल्यांचीच माहिती जाते. घरी जाऊन वर्षभराने हात किती उघडतो, हे तिच्यातूनही समजणार नाही.

निवृत्त_सिस्टर

मी शासकीय सेवेत परिचारिका होते आणि बरीच वर्षे जळीत कक्षात काढली. वरच्या आकड्यांतल्या स्त्रियांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. रस्ते अपघात घ्या, बुडणे घ्या, जगभर पुरुष अधिक मरतात. भाजण्यात मात्र स्त्रियांचा मृत्युदर पुरुषांपेक्षा थोडा अधिक आहे, आणि आपल्या देशात तो फरक थोडा राहिलेला नाही. त्या अभ्यासातल्या बहुतेक स्त्रिया १५ ते ३४ वयोगटातल्या होत्या.

स्वयंपाकाची जागा आणि पातळाचा पदर ही कारणे खरीच आहेत, पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढणे होईल. 'स्टोव्हचा भडका उडाला' हे वाक्य आम्ही इतक्या जणींच्या तोंडून ऐकले आहे, आणि पाठ, डोके व दोन्ही हात एकदम भाजलेली बाई ते सांगत असताना सासरची माणसे खाटेपाशी उभी असल्याचेही पाहिले आहे. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत असा मृत्यू झाला तर चौकशी दंडाधिकाऱ्यामार्फत व्हावी, असा कायदा आहे. मृत्यूपूर्व जबाबालाही कायद्यात मोठे वजन आहे. तरीही जबाब घेताना नातेवाइकांना बाहेर काढणे, तिला पाणी पाजून, वेदनाशामक देऊन बोलते करणे हे ज्या त्या रात्रीच्या ड्यूटीवरच्या माणसांवर अवलंबून असते. स्वतःला पेटवून घेतलेल्या, पेटवल्या गेलेल्या आणि खरोखर अपघाताने भाजलेल्या स्त्रिया या तिन्ही गोष्टी एकाच 'अपघाती' रकान्यात गेल्या, तर प्रतिबंधाचा कोणताही कार्यक्रम अर्ध्या प्रश्नाला हातच लावणार नाही.

प्रथमोपचाराबद्दलही थोडे लिहिते. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, कापूस यांपैकी काहीही लावू नये. संसर्गाचा धोका तर असतोच, शिवाय रंग बसल्यामुळे जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना ओळखता येत नाही. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे थंड वाहते पाणी घालावे. पहिल्या तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवी सूज येण्याआधी काढावीत. लहान मूल असेल तर बाकीचे अंग झाकून उबेत ठेवावे.

जुळे_सोलापूर

सिस्टर, आपण सांगितलेले पटते, पण आपल्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते. अशा वेळी वाहते थंड पाणी आणायचे कुठून?

निवृत्त_सिस्टर

प्रश्न अगदी रास्त आहे. उन्हाळ्यात टाकीचा नळ सोडू नका. जमिनीतल्या हौदाचे किंवा घरात भरून ठेवलेल्या पिंपाचे पाणी तांब्याने सतत ओतत राहा. खाली पातेले किंवा टब ठेवला तर तेच पाणी पुन्हा वापरता येते. माठातले पाणीही चालते. पाणी नळाचेच असले पाहिजे असे नाही. ते स्वच्छ आणि गार असावे आणि ओतणे वीस मिनिटे थांबू नये, हे महत्त्वाचे. पाणी घालत असतानाच दुसऱ्या कोणी १०८ ला फोन करावा. रुग्णाचा स्वतःचा तळवा बोटांसह म्हणजे शरीराचा सुमारे एक टक्का, असे धरून किती भाजले ते फोनवर सांगता येते. मुलांत दहा टक्क्यांच्या आणि मोठ्यांत पंधरा टक्क्यांच्या वर गेले की शिरेतून द्रव द्यावा लागतो. अशा वेळी घरी थांबून वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.

सायझिंगवाला

मी सायझिंग युनिटमध्ये नोकरी करतो. सुताला खळ लावताना उकळती खळ, वाफेचे सिलिंडर आणि बॉयलर यांच्याशी रोजचा संबंध येतो. शेजारच्या डाईंगमध्ये कॉस्टिक सोडा असतो. कॉस्टिक अंगावर उडाले तर सुरुवातीला चटका फारसा जाणवत नाही, केवळ बुळबुळीत लागते, आणि म्हणून माणूस फडक्याने पुसून कामाला लागतो. ते मात्र आतवर जात राहते. तिथे वीस मिनिटांत भागत नाही, अर्धा-एक तास धुवावे लागते, आणि डोळ्यात गेले असेल तर डोळा धूत धूतच दवाखाना गाठावा लागतो. त्यावर आम्ल टाकून 'मारायचा' प्रयत्न करणारेही आहेत. तो कोणी करू नये.

दुसरा मुद्दा भरपाईचा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होते. कामावर भाजलेल्या कामगाराला बरे होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळू शकते आणि कायमचे अपंगत्व आले तर त्याचा वेगळा लाभ मिळतो. पण आपल्याकडे एकाच छपराखाली माग असूनही कागदोपत्री दोन-तीन मालक दाखवलेले असतात, म्हणजे कामगारसंख्या दहाच्या आत राहते. मग तो भाजलेला माणूस ना विम्याच्या आकड्यांत येतो, ना कारखाने निरीक्षकाच्या. फिजिओताई म्हणतात ती न होणारी मोजणी इथेही आहे, आणि ती कोणाच्या तरी सोयीची आहे.

उत्तरकसबा

प्रतिबंधाची दोन उदाहरणे नोंदवतो, कारण माझ्या मते 'काळजी घ्या' असे लोकांना सांगण्यापेक्षा ज्या वस्तूने माणूस भाजतो ती वस्तू बदलणे अधिक फळते.

पहिले श्रीलंकेचे. तिथे गरीब घरांत बाटलीत वात घालून केलेले रॉकेलचे दिवे वापरत. दिवा कलंडला की रॉकेल सांडे आणि क्षणात पेट घेई. डॉ. विजया गोडाकुंबुरा या शल्यविशारदांनी असे रुग्ण पाहून बुटका, जड, जाड काचेचा, दोन बाजू सपाट असलेला आणि फिरकीचे धातूचे झाकण असलेला स्वस्त दिवा तयार केला. तो सहसा पडत नाही, पडला तर गडगडत नाही, आणि तेल बाहेर येत नाही. त्यांना त्यासाठी १९९८ चा रोलेक्स पुरस्कार मिळाला.

दुसरे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचे. नळाच्या कढत पाण्याने मुले भाजत होती, म्हणून नवे गिझर विकतानाच ४९ अंश सेल्सिअसवर लावलेले असावेत, असा कायदा १९८३ मध्ये झाला. त्यामागचे शास्त्र सरळ आहे. ४९ अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची त्वचा खोल भाजायला काही मिनिटे लागतात, ६० अंशांना सुमारे पाच सेकंद, आणि ७० अंशांना एक सेकंदही पुरतो. आपल्याकडे सौर बंब घरोघरी झाले आहेत, आणि सोलापूरच्या उन्हात त्यांतले पाणी सत्तरच्या वर सहज जाते. त्यांना मिक्सिंग व्हॉल्व्ह (कढत पाण्यात गार पाणी मिसळणारी झडप) बसवण्याची सक्ती बांधकाम परवानगीतच करता येईल. तोवर निदान बादलीत आधी गार पाणी घ्यावे आणि मग कढत. बादलीत हीटरचा रॉड सोडून न्हाणीघराचे दार उघडे ठेवण्याची पद्धत तर ताबडतोब बंद व्हायला हवी.

विडीघरकुल

धागा सगळा वाचला. माझ्या आईचा हात तापलेल्या तेलाने भाजला होता. शस्त्रक्रिया महात्मा फुले योजनेतून झाली, एक पैसा लागला नाही, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. नंतरचे प्रेशर गारमेंट, सिलिकॉनची पट्टी आणि रोज व्यायामाला जाण्याचे रिक्षाभाडे मात्र पदरचे होते. आई महिन्याभरात जायची बंद झाली. तिच्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते का? २०१६ च्या कायद्यात आम्ल हल्ल्याचे नाव आहे, असे ऐकले आहे.

फिजिओ_पूर्वभाग

ताई, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत आम्ल हल्ल्यातील पीडितांचा स्वतंत्र उल्लेख आहे. तेलाने, आगीने किंवा वाफेने भाजलेल्यांचा तसा उल्लेख नाही. पण आईचा अंगठा आणि बोटे आखडल्यामुळे हाताची हालचाल कमी झाली असेल, तर ती चलनविषयक अपंगत्वात धरता येते. प्रमाण ४० टक्के किंवा त्याहून अधिक भरले तर बहुतेक सवलती लागू होतात. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिलच्या मंडळापुढे तपासणीला जावे. जाताना शस्त्रक्रियेची कागदपत्रे आणि शक्य असल्यास हाताच्या हालचालींचे मोजमाप लिहून न्यावे. तसे मोजमाप मी करून देईन, त्याचे काही पैसे लागणार नाहीत.

आपण लिहिलेली अडचण जवळजवळ प्रत्येक रुग्णाची आहे. शस्त्रक्रिया दिसते, तिचे दर ठरलेले असतात, म्हणून ती योजनेत बसते. पुढच्या वर्षभराचा व्यायाम दिसत नाही. बांगलादेशाने ढाक्यात ५०० खाटांची, केवळ जळीत व प्लास्टिक सर्जरीसाठी असलेली संस्था २०१८ मध्ये उघडली, त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. परंतु अशी मोठी संस्थाही घरी गेलेल्या रुग्णापर्यंत रोज पोहोचू शकत नाही. आशाताईंना (घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांना) स्प्लिंट बांधणे आणि पाच-सहा व्यायाम शिकवले, आणि प्रत्येक भाजलेल्या रुग्णाचे नाव त्यांच्या वहीत वर्षभर राहिले, तर खर्च फारसा न वाढता कितीतरी हात वाचतील. असा एक प्रस्ताव मी महापालिकेच्या आरोग्य विभागासाठी लिहीत आहे. सायझिंगवाले दादा आणि सिस्टर, आपण दोघांनी मसुदा वाचून सूचना कराव्यात अशी विनंती.

निवृत्त_सिस्टर

जरूर पाठवा. त्यात त्वचादानाचाही परिच्छेद घाला. १९७० मध्ये स्लोव्हेनियातील झोरा यांझेकोविच यांनी भाजलेली मृत त्वचा आपोआप गळून पडायची वाट न पाहता लवकर काढून लगेच रोपण करण्याची पद्धत मांडली, आणि पुढे जगभर मृत्यू कमी झाले. पण निम्म्याहून अधिक अंग भाजलेल्या रुग्णाकडे स्वतःची पुरेशी त्वचा उरलेली नसते, तिथे दात्याची त्वचा तात्पुरते आवरण म्हणून लागते. मुंबईत सायनच्या रुग्णालयात २००० पासून त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या आणि पाठीवरचा पातळ थर काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही, देह विद्रूप होत नाही, आणि ग्लिसरॉलमध्ये ती त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. नेत्रदानाइतके हे लोकांना माहीत नाही.

वैदेही_बार्शी

मी बार्शी तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीची मान आणि छाती लहानपणी उकळत्या डाळीने भाजली आहे. पूर्वी ती मान नीट वर करायची, आता फळ्याकडे पाहताना पूर्ण धड मागे नेते. जखम तर केव्हाच भरली आहे, मग हे आता का व्हावे? उन्हात कवायतीला तिला उभे करावे का?

फिजिओ_पूर्वभाग

बाई, आपण हे टिपले याचे फार बरे वाटले. मूल वाढते, हाडे लांबतात, पण व्रणाची त्वचा त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून पाच वर्षांपूर्वी पुरेशी असलेली त्वचा आता अपुरी पडते. वाढ पूर्ण होईपर्यंत असे पुन्हा होऊ शकते आणि काही मुलांना एकाहून अधिक वेळा शस्त्रक्रिया लागते. पहिली शस्त्रक्रिया फसली असा त्याचा अर्थ नसतो. पालकांना हे कोणी सांगितलेले नसते, त्यामुळे ते नशिबाला दोष देऊन गप्प बसतात. त्यांना प्लास्टिक सर्जनकडे पाठवा, आणि वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा दाखवत राहायला सांगा. तोवर तिला पहिल्या बाकावर बसवू नका, कारण तिथून फळा पाहायला मान अधिक उचलावी लागते. मधल्या रांगेत बसवा.

कवायत जरूर करू द्या, इतर मुलींपासून तिला वेगळे काढू नका. फक्त सकाळच्या वेळेत, सावलीत आणि पाण्याची बाटली जवळ ठेवून. व्रणाच्या जागेला घाम येत नसल्यामुळे ती इतरांआधी तापेल. चेहरा लाल झाला किंवा डोके दुखते म्हणाली तर लगेच बसवा आणि व्रण नसलेल्या भागावर ओला कपडा ठेवा. तिच्या आईचा फोन आला तर मी पुढची व्यवस्था सांगेन. आपण मला व्यक्तिगत संदेश पाठवा.